शेरा पुसायचा कोणी?

कोल्हापुरात ‘मिटलं’ हा शब्द फार वजनदार आहे. दोन पेठांत काही कारणाने ठिणगी पडते, दोन तालमींची पोरे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, मग चार जाणती माणसे मध्ये पडतात. कट्ट्यावर बैठक होते, चहा होतो, गळाभेट होते आणि कुणीतरी मोठ्याने सांगून टाकतो, “मिटलं बघा सगळं.” पेठेच्या दृष्टीने ते खरोखरच मिटलेले असते. ज्यांनी एकमेकांची कॉलर धरली, तेच पुढच्या लग्नसराईत एकमेकांच्या घरी वाढपी म्हणून राबताना दिसतात. समाज म्हणून हे आपले भूषणच आहे. परंतु पोलीस ठाण्याच्या दप्तराला आणि न्यायालयाच्या फायलीला ही बैठक ठाऊक नसते. तेथे ते प्रकरण तसेच तारखेवर तारीख घेत उभे असते.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाला या दोन ‘मिटण्यां’मधील अंतराने पुरते हैराण केले. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला. मुलगा अंगाने धडधाकट, अभ्यासात मध्यम, फुटबॉलचा वेडा. २०१६ साली शाहू स्टेडियमवरचा सामना संपल्यावर बाहेर दोन तालमींच्या समर्थकांत हाणामारी झाली. हा त्या गर्दीत होता; त्याचेही हात उठले, हे तो आजही नाकारत नाही. त्या वेळी त्याचे वय होते १९. फिर्याद झाली, दहा-बारा जणांवर बेकायदा जमाव जमवून दंगा केल्याचा गुन्हा नोंदला गेला. महिन्याभरात पेठांचे मिटले. जामीन झाला होताच. त्यानंतर त्या प्रकरणाकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

काही वर्षांनी तो एका सरकारी दलाच्या भरतीत निवडला गेला. मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, सारे पार पडले. घरात पेढे वाटले गेले. शेवटी साक्षांकनाचा अर्ज भरायचा होता. ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ या रकान्यापाशी तो अडखळला. अर्ज भरून देणाऱ्या एका ‘माहीतगारा’ने सल्ला दिला, “लिही, निरंक.” त्याने लिहिले. चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा उघड झाला आणि निवड रद्द झाली. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाला, “काका, ते तर तेव्हाच मिटलं होतं की!”

कायद्यात खोडरबर नाही

आपल्याकडे अनेकांची अशी समजूत असते की, वेळ गेला की गुन्ह्याची नोंद आपोआप पुसली जाते, किंवा ‘ओळखीने’ ठाण्यातून नाव काढता येते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. इंग्लंडने १९७४ साली एक कायदा करून ठरावीक काळ निर्वेधपणे गेल्यावर अनेक जुन्या शिक्षा ‘संपलेल्या’ मानण्याची सोय केली. मग सर्वसाधारण नोकरीसाठी त्या सांगण्याचे बंधन राहत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत वकिलामार्फत अर्ज करून नोंद काढून टाकता येते अथवा मोहरबंद करता येते. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर २०१८ मध्ये काही किरकोळ जुन्या नोंदी आपोआप मोहरबंद करण्याचा कायदा केला. भारतात सज्ञान व्यक्तीसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. आपल्याकडे एकच मोठा दरवाजा नाही. वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या खिडक्या मात्र आहेत. कोणती खिडकी आपल्यासाठी उघडते, हे सांगण्यासाठीच वकील लागतो.

पहिली खिडकी तडजोडीची. साधी दुखापत, शिवीगाळ यांसारख्या काही गुन्ह्यांत फिर्यादीच्या संमतीने खटला मिटवता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये अशा गुन्ह्यांची यादी आहे. महत्त्वाचे म्हणजे, न्यायालयात नोंदवलेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. कट्ट्यावरच्या तडजोडीचा तसा काहीच परिणाम नसतो.

दुसरी खिडकी उच्च न्यायालयाची. दंग्याचा गुन्हा तडजोडीच्या यादीत नाही. त्यामुळे दंडाधिकाऱ्यांपुढे दोन्ही बाजू एकमुखाने ‘मिटले’ म्हणाल्या तरी खटला संपत नाही. तेथे उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार कामी येतो. जुन्या संहितेचे कलम ४८२, आता कलम ५२८. कोणत्या परिस्थितीत गुन्हा रद्द करता येतो याचे दिग्दर्शन सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या भजनलाल खटल्यात केले. २०१२ च्या ग्यानसिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले की, वाद मुख्यतः खासगी स्वरूपाचा असेल आणि पक्षकारांत खरोखर समेट झाला असेल, तर तडजोडीच्या यादीत नसलेला गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकते. मात्र खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांना हा मार्ग खुला नाही. ते गुन्हे एका माणसाविरुद्ध नसून समाजाविरुद्ध असतात. ही मर्यादा योग्यच आहे.

तिसरी खिडकी खटला मागे घेण्याची. हा अधिकार सरकारी अभियोक्त्याचा आणि त्यालाही न्यायालयाची संमती लागते. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य शासनाने वेळोवेळी घेतले आहेत. आंदोलनांची परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यात अनेक कार्यकर्त्यांच्या नावावर असे गुन्हे असतात. शासनाचा निर्णय वर्तमानपत्रात छापून आला म्हणजे आपला खटला संपला, असे समजून अनेकजण घरी बसतात. न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंत खटला संपलेला नसतो.

चौथी खिडकी परिवीक्षेची. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार न्यायालय दोषी व्यक्तीला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटून येणारी अपात्रता लागू होत नाही. पण दोषसिद्धी धुऊन निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे.

नोंद नष्ट करण्याची खरी भाषा कायद्याने दोनच ठिकाणी वापरली आहे. एक, बालकांच्या बाबतीत. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम २४ नुसार १८ वर्षांखालील बालकाच्या हातून घडलेल्या कृत्यामुळे त्याला पुढील आयुष्यात अपात्रता येत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याचे अभिलेख नष्ट करायचे असतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या आणि निर्घृण गुन्ह्यात सज्ञानाप्रमाणे खटला चाललेल्या मुलांचा त्याला अपवाद आहे. दुसरे ठिकाण म्हणजे २०२२ चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा. या कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्रे इत्यादी माहिती ७५ वर्षे जपण्याची तरतूद केली. पण पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली किंवा निर्दोष ठरली, तर न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसेल तेव्हा ही माहिती नष्ट करावी, असेही तोच कायदा सांगतो. हा हक्क किती निर्दोष माणसांना ठाऊक आहे?

असत्याची किंमत

आमच्या त्या मुलाची निवड हाणामारीपेक्षा ‘निरंक’ या शब्दाने घालवली, हे पालकांनी नीट समजून घेतले पाहिजे. तारुण्यातील चुकीकडे आपली न्यायव्यवस्था नेहमीच कठोरपणे पाहते असे नाही. दिल्ली पोलीस दलातील भरतीच्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने निर्णय देताना व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील जाँ वालजाँचे उदाहरण घेतले होते. भुकेल्या घरासाठी पाव चोरणारा आणि त्यासाठी जन्मभर डागाळलेला हा माणूस साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तो न्यायालयाच्या निकालपत्रात भेटावा, ही मोठी सूचक गोष्ट आहे.

पुढे २०१६ मध्ये अवतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची घडी बसवून दिली. अर्जात दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. लपवलेली गोष्ट अगदी क्षुल्लक असेल, तर नियुक्ती करणारा अधिकारी ती पोटात घालू शकतो. तरुण वयात दिलेल्या घोषणा हे न्यायालयाने अशा गोष्टीचे उदाहरण म्हणून दिले आहे. आणि खरे सांगितले तरी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासण्याचा अधिकार नियोक्त्याला राहतोच. सारांश असा, की खरे सांगणाऱ्याला नोकरीची हमी मिळत नाही, पण खोटे सांगणारा आपल्या हाताने नवा शेरा लिहून घेतो. ‘निरंक लिही’ म्हणणारे माहीतगार आणि ‘ठाण्यातून नाव काढून देतो’ म्हणणारे दलाल यांच्यापासून मुलांना दूर ठेवणे हे घरातल्या मोठ्यांचे काम आहे.

मुंबईची वाट आखूड झाली

निवड रद्द झाल्यावर त्या कुटुंबाने वकील गाठला. वकिलांनी सरळ सांगितले, की गेलेली निवड परत येईल अशी आशा दाखवणार नाही. परंतु मूळ गुन्हा रद्द करून घेता येईल, त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागेल. उच्च न्यायालय म्हणजे तेव्हा मुंबई. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने जायचे, मुंबईतल्या वकिलाची फी, राहण्याचा खर्च, फिर्यादी पक्षालाही सोबत न्यायचे आणि तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. फौंड्रीतल्या पगारात हे बसणारे नव्हते. प्रकरण पुन्हा फायलीत निजले.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला होता. त्याचे महत्त्व पुष्कळांनी शहराच्या प्रतिष्ठेच्या भाषेत मांडले. मला ते त्या बापाच्या भाषेत कळले. त्यांनी मला सांगितले, “साहेब, आता रजा अर्ध्या दिवसाची टाकली तरी भागतंय.” सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत दोन्ही तालमींची ती माणसे एकत्र उभी राहिली, फिर्यादीने शपथपत्र दिले आणि तो गुन्हा रद्द झाला. नऊ वर्षांपूर्वी कट्ट्यावर मिटलेले प्रकरण आता कागदावर मिटले.

वकिलांचे काम तेथेही संपले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल घेतली. ती पोलीस ठाण्यात आणि अधीक्षक कार्यालयात अर्जासह दिली, पोच घेतली आणि संगणकीय प्रणालीत निकालाची नोंद झाल्याची खातरजमा केली. पूर्वी गुन्ह्याचे दप्तर ठाण्याच्या कपाटात धूळ खात पडे. आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यामुळे ती नोंद देशात कोठूनही पोलिसांना दिसू शकते. गुन्हा नोंदताना तत्परता दिसते. तो संपल्याची नोंद घेताना मात्र माणसालाच मागे लागावे लागते. ज्याला पाठपुरावा करणारे कोणी नाही, तो न्यायालयात सुटूनही संगणकात आरोपीच राहतो.

अख्ख्या जमातीवरचा शेरा

येथपर्यंत आपण ज्याला वकील मिळाला त्याची गोष्ट पाहिली. पण ज्यांच्या कपाळावर जन्मतःच शेरा मारला गेला, त्यांचे काय? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय केली आणि लक्षावधी माणसांना कोणताही गुन्हा न करता गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट ही त्याची महाराष्ट्रातील खूण. जो समाज आपल्या देवादिकांच्या जत्रांत सेवा करीत, जडीबुटी विकत, किल्ल्यांच्या वाटा राखत फिरला, त्याला परकीय सत्तेने एका कायद्याने चोर ठरवले. आणि आपण गावकऱ्यांनी ते खरे मानले, ही त्याहून दुःखाची गोष्ट.

या बाबतीत कोल्हापूरला एक वेगळा वारसा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर लादलेली हजेरीची पद्धत बंद केली. रोज चावडीवर जाऊन ‘मी येथेच आहे, चोरी करायला गेलो नाही’ हे सिद्ध करण्याचे अपमानास्पद बंधन एका आदेशाने संपले. ज्यांना जग चोर म्हणत होते, त्या फासेपारध्यांना महाराजांनी पहाऱ्याचे काम दिले. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. शेरा पुसायचा तर सत्तेची इच्छा, समाजाचा विश्वास आणि बाजू मांडणारा माणूस या तिन्हींची गरज असते, हे त्यांनी ओळखले होते.

ब्रिटिशांचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याची जागा राज्याराज्यांच्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली, आणि नजर तीच राहिली. नाशिक जिल्ह्यातील २००३ सालच्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. त्यांना फाशीची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायमही झाली. आणि २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश महाराष्ट्र शासनाला दिला. सोळा वर्षांच्या तारुण्याची ती किंमत! २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन वेगवेगळ्या निकालांत, विमुक्त जमातींतील निरपराध माणसांची नावे केवळ त्यांच्या जन्मामुळे पोलिसांच्या गुन्हेगारी पत्रकात चढवली जाऊ नयेत, असे बजावले आणि कारागृहांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. म्हणजे १९१८ साली कोल्हापूरच्या राजाने जे ओळखले, ते बजावण्याची वेळ एकविसाव्या शतकातही येते.

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी व इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी जे काम उभे केले, ते या दृष्टीने पाहावे. कोठेही चोरी झाली की पालावर धाड पडते आणि मुलांचा बाप उचलला जातो, हे पाहूनच तेथे मुलांसाठी घर आणि शाळा उभी राहिली. पण शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या नावापुढे जर ठाण्याच्या वहीत जुनाच शेरा असेल, तर त्या शिक्षणाचे काय होणार?

आपण काय करावे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्या फिर्यादीचे काय? दुकानाची किल्ली हाती देणाऱ्या मालकाला, मुले सोपवणाऱ्या शाळेला माणसाचा पूर्वेतिहास जाणण्याचा हक्क नाही काय? आहे. म्हणूनच स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचार, खून, दरोडा अशा गुन्ह्यांच्या नोंदी पुसाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९ व्या वर्षीची एक हाणामारी आणि सराईत गुन्हेगारी यांत फरक करता येऊ नये, इतका आपला कायदा दुबळा का असावा? किरकोळ गुन्हा, ठरावीक वर्षांची निर्मळ वागणूक आणि न्यायाधीशांची खात्री, या तीन अटींवर नोंद बंद करण्याची सोय संसदेने करावी, अशी मागणी आता व्हायला हवी. निर्दोष सुटलेल्याची नोंद अद्ययावत करण्याची जबाबदारीही त्याच्यावर न टाकता यंत्रणेवर टाकावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात पुष्कळ आहे. आपल्या वस्तीतील, तालमीतील, मंडळातील कोणत्या तरुणांवर जुने किरकोळ गुन्हे पडून आहेत, याची चौकशी करा. त्यांना चांगल्या वकिलाकडे न्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अटकेत असलेले आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठावण्यास पैसे लागत नाहीत. वकिली करणाऱ्या आपल्या बांधवांनी वर्षातून अशी दोन-चार प्रकरणे विनामूल्य हाती घ्यावीत. आणिबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, ज्यांच्या घरातला कर्ता माणूस कोणताही गुन्हा न करता कारागृहात गेला, त्या घरांना पोलिसी शेऱ्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शेजारी बोलेनासे होतात, सोयरिकी अडतात, मुले शाळेत मान खाली घालून बसतात. ते सोसलेल्यांनी तरी दुसऱ्याच्या दारातला शेरा ओळखला पाहिजे.

तो मुलगा आता गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. मुलाखतीत त्याने आपणहून सारे सांगितले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रत समोर ठेवली. मालकाने ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारले, “सोमवारपासून येतोस काय?” न्यायालयाने कागदावरचा शेरा पुसला होता. माणसावरचा शेरा त्या दिवशी पुसला गेला.